पूर्णेच्या मैदानातून सातपुडा मोजताना : वऱ्हाड नकाशावर कसं आलं



आजचा विषय कळल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला फोन करून विचारलं, की नकाशाच्या इतिहासात वऱ्हाडचा काय संबंध? नकाशा म्हटलं की हिमालय, तिथल्या हिमनद्या, तिबेट, एव्हरेस्ट शिखर. अमरावती-अकोल्याकडे सांगण्यासारखं काय आहे? प्रश्न रास्त आहे. पण ज्या मोजणीच्या आधारावर पुढे हिमालयातली शिखरं आणि बर्फातून निघणाऱ्या नद्या कागदावर आल्या, त्या मोजणीची रेघ आपल्या अमरावती जिल्ह्यातून गेलेली आहे. तिच्या मध्यावर आपलं एक गाव आहे. आणि त्याच मोजणीनं मेळघाटाचं जे झालं, त्याचा हिशेब अजून चुकता झालेला नाही. या तिन्ही गोष्टी आज आपण क्रमानं पाहू.

आधी जुना नकाशा. म्हणजे कागदावर नसलेला. आपल्याकडे जुनी माणसं वऱ्हाडचे तीन भाग सांगायची : पाईनघाट, बालाघाट आणि मेळघाट. पाईनघाट म्हणजे घाटाखालचं पूर्णेचं काळ्या मातीचं मैदान. बालाघाट म्हणजे दक्षिणेकडचा घाटावरचा मुलूख, अजिंठ्याच्या रांगेचा. आणि मेळघाट म्हणजे उत्तरेचा सातपुडा, जिथे घाटांचा मेळ होतो. या तीन शब्दांत चढ-उतार आला, माती आली, पाणी कुठे जातं ते आलं. शेतकऱ्याला, बंजाऱ्याला, यात्रेकरूला एवढं पुरायचं.

राज्यकर्त्यांचं माप वेगळं. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची लांबी २०० कोस आणि रुंदी १८० कोस अशी दिलेली आहे. सरकारं आणि परगणे यांची यादी आहे, वसुलाचे आकडे आहेत. गाविल आणि नरनाळा ही त्यातली दोन सरकारं, म्हणजे आजच्या अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतले आपले दोन किल्ले. पण हा कोस चालण्याचा कोस. अचलपूरहून अमुक गाव किती कोस, तर वाट जशी वळेल तसे. पूर आला की कोस वाढतो. त्यावरून वसूल ठरवता येतो, फौज नेता येते, पण मुलखाचा नेमका आकार काढता येत नाही.

आता १८०३ सालात येऊ. त्या वर्षी २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. पुढची मोठी लढाई २९ नोव्हेंबरला आपल्या अडगावला झाली, अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात. तिथून इंग्रज फौज गाविलगडावर गेली आणि १५ डिसेंबरला तो किल्ला पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडे राहिले. या सगळ्या मोहिमेचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

या वेलस्लीच्याच पलटणीत, ३३व्या पायदळात, विल्यम लॅम्बटन नावाचा एक अधिकारी होता. अबोल माणूस, वय पन्नाशीकडे झुकलेलं, गणिताचा नाद. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत एका रात्री इंग्रजांची एक तुकडी वाट चुकून थेट टिपूच्या छावणीकडे निघाली होती. लॅम्बटननं आकाशातल्या ताऱ्यांवरून ओळखलं की आपण उलट दिशेला चाललो आहोत. ही हकीकत त्याच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. मोहीम संपल्यावर त्यानं एक योजना मांडली : मद्रासपासून सुरुवात करून हिंदुस्थान त्रिकोणांनी मोजायचा. वेलस्लीनं तिला पाठिंबा दिला. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट इथे पहिल्या पायारेषेची मोजणी सुरू झाली. म्हणजे वेलस्ली वऱ्हाड जिंकत होता, तेव्हा त्याचाच जुना सहकारी दक्षिणेत त्या मोजणीला लागलेला होता, जी वीस वर्षांनी वऱ्हाडात पोचणार होती.

हे त्रिकोण म्हणजे काय, ते एका मिनिटात सांगतो. समजा, पूर्णेला पूर आहे. पलीकडच्या काठावर एक निंबाचं झाड आहे. ते किती लांब आहे, हे नदी न ओलांडता काढायचं आहे. तुम्ही अलीकडच्या काठावर दोन खुंट्या ठोकता आणि त्यांच्यातलं अंतर साखळीनं अगदी नीट मोजता. मग पहिल्या खुंटीवरून झाडाकडे आणि दुसऱ्या खुंटीकडे बघून मधला कोन मोजता. दुसऱ्या खुंटीवरूनही तसंच करता. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेलं गणितानं निघतं. आता ते झाड हीच नवी खुंटी. तिथून पुढचं टेकाड, मग त्याच्या पुढचं. अशी त्रिकोणांची साखळी शेकडो मैल नेता येते. जमिनीवर साखळी ओढायची ती फक्त पायारेषेला, आणि मग अधूनमधून ताळा पाहायला.

ऐकायला सोपं वाटतं. पण कोन मोजायचं त्यांचं यंत्र, तो मोठा थिओडोलाइट, वजनाला सुमारे अर्धा टन होता. तो इंग्लंडहून येताना फ्रेंचांनी जहाजासकट पकडून मॉरिशसला नेला होता आणि मग परत केला. १८०८ साली तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटून तो आपटला. त्याचं पितळी वर्तुळ वेडंवाकडं झालं आणि लॅम्बटननं स्वतः बसून ते ठोकून ठोकून पूर्वीसारखं केलं. हे यंत्र बैलगाडीत ठेवायचं नाही, धक्के बसतात. ते माणसांनी खांद्यावर वाहायचं.

आणि काम कधी करायचं? उन्हाळ्यात आपल्याकडे धुरळा आणि झळा इतक्या, की वीस मैलांवरचं निशाण थरथरताना दिसतं. हवा स्वच्छ असते ती पावसाळ्यात आणि पाऊस सरल्यावर लगेच. म्हणून ही माणसं नेमकी पावसाळ्यात जंगलात असायची. अन् पावसाळ्यातलं जंगल म्हणजे हिवताप. जॉर्ज एव्हरेस्ट १८१८ साली लॅम्बटनचा मदतनीस झाला आणि दुसऱ्याच वर्षी तेलंगणाच्या जंगलात तापानं असा काही पडला, की त्याला हवापालटासाठी केप ऑफ गुड होपला जावं लागलं.

त्रिकोणांची मधली मुख्य साखळी कन्याकुमारीकडून साधारण ७८ रेखांशाच्या आसपास सरळ उत्तरेला चढत होती. तिला ‘ग्रेट आर्क’ म्हणतात, आपण मोठा चाप म्हणू. बीदरजवळच्या दामरगिड्यापर्यंत ती १८१५ साली आली. तिथून पुढे वऱ्हाड. मैदानातून जाताना अडचण ही, की पूर्णेच्या खोऱ्यात उंच जागा नाही. सपाट काळी जमीन, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. उंची आहे ती दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेवर आणि उत्तरेला गाविलगडाच्या कड्यावर.

या कामात लॅम्बटन थकत गेला. हैदराबादहून नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला. वय सत्तरीच्या आसपास. त्याची कबर तिथेच आहे. पृथ्वीचा आकार मोजायला निघालेला हा माणूस विदर्भाच्या मातीत पुरलेला आहे, हे हिंगणघाटच्या बाहेर फार जणांना ठाऊक नाही.

त्याच्याबरोबर डॉ. हेन्री व्हॉयसी नावाचा एक वैद्य होता. त्याचं काम औषध देण्याचं, पण डोळे सगळे दगडांवर. एप्रिल १८२३ मध्ये त्याला गाविलगडाच्या डोंगरात दगड झालेले शंख-शिंपले सापडले आणि त्यावर त्यानं निबंध लिहिला. आपला सातपुडा लाव्हाच्या थरांचा आहे. एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत मधल्या काळात तिथे तळी होती, त्यांतले जीव या दगडांत राहिले. ही समज पुढे आली, पण पुरावा उचलला तो या मोजणीच्या माणसानं, आपल्या डोंगरात. व्हॉयसी पुढच्याच वर्षी, १८२४ साली, वारला.

लॅम्बटननंतर सूत्रं एव्हरेस्टकडे आली. आणि इथे आपलं गाव येतं. इंग्रजी कागदांत त्याचं नाव ‘ताकल खेरा’ असं लिहिलेलं आहे. आपल्या कानाला ते लगेच टाकरखेडा असं ऐकू येतं. आता अमरावती जिल्ह्यात टाकरखेडा एक आहे का? टाकरखेडा शंभू आहे, टाकरखेडा पूर्णा आहे, टाकरखेडा मोरे आहे. नावावरून शोधायला गेलं तर माणूस फिरत राहील. पण त्या कागदांत नावाशेजारी अक्षांश आहे : २१ अंश ५ कला आणि जवळपास ५२ विकला. अक्षांशाची एक विकला जमिनीवर सुमारे ३१ मीटर भरते. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीवरून आपण थेट शिवारात उतरू शकतो. नकाशाची ताकद म्हणतात ती ही. नाव बिघडलं, उच्चार बिघडला, तरी जागा हरवत नाही.

एव्हरेस्टनं १८३० साली या कामाचा जो मोठा ग्रंथ छापला, तो १८ अंश ३ कला ते २४ अंश ७ कला या पट्ट्याचा. खालचं टोक दामरगिडा, वरचं टोक मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळची कल्याणपूरची टेकडी. आणि मधोमध आपला ताकल खेरा : दोन्हीकडे जवळजवळ तीन-तीन अंश, म्हणजे सुमारे ३३५ किलोमीटर खाली आणि तेवढंच वर. वऱ्हाडातून सिरोंजकडे जाण्याच्या या काळात एव्हरेस्टची तब्येत इतकी ढासळली होती, की हातपाय चालेनासे झाले. ताऱ्यांचे वेध घ्यायच्या यंत्रापुढे त्याला दोन माणसं धरून बसवायची आणि दोन माणसं उठवायची.

आता यातली सर्वांत सुंदर गोष्ट. अक्षांश काढायचा तर डोक्यावरचा तारा बघायचा, आणि ‘बरोब्बर डोक्यावर’ म्हणजे कुठे, हे ठरतं ओळंब्यावरून. गवंड्याचा असतो तोच ओळंबा. दोरीला वजन, ते सरळ खाली जातं. पण खरंच सरळ जातं का? वस्तुमान वस्तुमानाला ओढतं, हे न्यूटननं सांगितलेलं. मग उत्तरेला सातपुड्यासारखा प्रचंड डोंगर उभा असेल, तर तो ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढणारच. ही ओढ केसाएवढी, पण जिथे एका विकलेला ३१ मीटर लागतात तिथे केसाला किंमत असते. ताकल खेऱ्याच्या वेधांच्या बाबतीत एव्हरेस्टला नेमका हाच विचार करावा लागला, की उत्तरेच्या डोंगरानं इथला ओळंबा कलला असावा. पुढे हाच प्रश्न हिमालयाजवळ मोठ्या प्रमाणावर आला. १८५५ साली प्रॅट यांनी गणित मांडलं, की हिमालयानं ओळंबा जितका कलायला हवा तितका कललेला नाही. त्याचं उत्तर शोधताना पर्वतांना खाली हलक्या खडकांची मुळं असतात, ही कल्पना निघाली. आजच्या भूगर्भशास्त्राचा तो पाया आहे. त्या प्रश्नाची एक लहानशी चाहूल आपल्या परतवाड्याकडच्या डोंगरानं आधीच दिली होती, असं म्हणायला हरकत नाही.

या सगळ्या आकड्यांवरून एव्हरेस्टनं पृथ्वीच्या आकाराची जी मापं काढली, त्यांना ‘एव्हरेस्ट १८३०’ म्हणतात. भारताचे अधिकृत भूनकाशे दीडशेहून अधिक वर्षं त्या मापांवर काढले गेले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नकाशे उपग्रहांच्या जागतिक मापावर आले. चाप पुढे मसुरी-डेहराडूनपर्यंत गेला आणि १८४१ मध्ये पुरा झाला. त्याच्या आधारावर हिमालयाच्या शिखरांची गणितं झाली, त्यांत राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा. १८५६ साली १५ क्रमांकाच्या शिखराची उंची २९,००२ फूट जाहीर झाली आणि त्याला एव्हरेस्टचं नाव मिळालं.

इथे थांबून एक प्रश्न विचारू. लॅम्बटन, एव्हरेस्ट, व्हॉयसी, सिकदार, ही नावं राहिली. यंत्र खांद्यावर वाहणारे, निशाण धरून तीन-तीन दिवस कड्यावर बसणारे, दिसण्याची रेघ मोकळी करायला झाडं तोडणारे, रात्री दिवे पेटवणारे खलाशी आणि झेंडेवाले? त्यांतले किती तापानं मेले? सातपुड्याच्या वाटा त्यांना दाखवल्या कुणी? मेळघाटात वाट दाखवणारा माणूस तिथलाच असतो. कोरकू, गोंड, निहाल, गवळी. ज्यानं वाट दाखवली त्याचं नाव कागदावर नाही, आणि त्याच कागदावरून पुढे त्याच्या मुलखाचा निर्णय झाला.

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि मोजणी दोन वाटांनी गेली. मैदानात १८६० च्या दशकात मुंबईच्या पद्धतीची रयतवारी मोजणी आली. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. शेताला सर्व्हे नंबर, बांधाला हद्दीच्या खुणा, आणि कागदावर खातेदाराचं नाव. कापसाची जमीन, वसुलाची जमीन, म्हणून मोजणी बारीक. त्या मोजणीतून शेतकऱ्यावर सारा बसला, पण त्याच्या हाती कागदही आला. आज भाऊबंदकीचा दावा लागला की वकील जुनी टिपणं मागवतो, ती या परंपरेतली.

डोंगरात उलटं झालं. मेळघाटातली शेती फिरती, जंगल जाळून राखेत पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी पुढे सरकायची. अशा शेतीला बांध नसतो, म्हणून नंबर नाही, म्हणून खातं नाही. त्याच १८६० च्या दशकापासून बैरागड-गुगामळच्या बाजूचं जंगल राखीव होत गेलं. त्याच्या हद्दी आखल्या गेल्या, सागाचं मोल ठरलं. सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या तापीला मिळणाऱ्या नद्या कागदावर निळ्या रेघांनी आल्या. डोंगर आले, नाले आले, गावांचे ठिपके आले. पण गाव आपल्या देवाला कुठे जातं, मोहाची कुठली झाडं कुणाची, हे आलं नाही. मोजणीदाराला ते विचारायला पाठवलेलंच नव्हतं.

आजच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या पद्धतीत आपला भाग ५५ क्रमांकाच्या चौकटीत येतो : २० ते २४ अक्षांश, ७६ ते ८० रेखांश. तिचे १६ भाग, ‘ए’ ते ‘पी’. अमरावती शहर ‘५५ एच’मध्ये, चिखलदरा आणि बराचसा मेळघाट ‘५५ जी’मध्ये. त्याचे पुन्हा १६ तुकडे. या तुकड्यांवर, जुन्या छापील प्रतींवर, बोट फिरवत गेलं की वैराट दिसतं, पस्तलाई, चुरणी, बोरी, कोहा, कुंड दिसतं. ही गावं व्याघ्र प्रकल्पाच्या पुनर्वसनात उठली. माणसं खाली मैदानात आली. वैराटचा माथा, ११७८ मीटर, आहे तिथेच आहे, गाव नाही.

पुनर्वसन बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. त्यावर या सभागृहातच दोन मतं असतील. आमचा मुद्दा कागदाचा आहे. २००६ चा वनहक्क कायदा आला, २००८ मध्ये त्याचे नियम आले, आणि दाव्याचा पुरावा म्हणून काय चालेल ते नियमांत लिहिलं गेलं : गॅझेटियर, मोजणीचे अहवाल, नकाशे, उपग्रहाची चित्रं, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचं सांगणं. म्हणजे ज्या नकाशानं कोरकूचं शेत दाखवलं नाही, त्याच नकाशावरचा गावाचा ठिपका आज त्याच्या बाजूनं साक्ष देऊ शकतो. पायविहीरसारख्या अमरावती जिल्ह्यातल्या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. अशा दाव्यांसाठी गावकरी स्वतः जीपीएस घेऊन आपल्या जंगलाची शीव चालतात. दोनशे वर्षांत प्रथमच यंत्र वाहणारा आणि मोजणारा माणूस एक झाला आहे.

पण वडीलधाऱ्यांचं सांगणं फार दिवस टिकत नाही. कागद दोनशे वर्षं राहतो, माणूस सत्तर-ऐंशी. नाल्याचं नाव, खोऱ्याचं नाव, ज्या दगडापाशी शीव संपते त्या दगडाचं नाव, हे त्या आजोबांबरोबर जातं. उठलेल्या गावांच्या बाबतीत तर घाई आहे, कारण नव्या वस्तीत वाढलेल्या पोरांनी ती जागा पाहिलेलीही नाही.

म्हणून शेवटी आमची एक साधी विनंती. सर्व्हे ऑफ इंडियाचे ५०,००० मापाचे नकाशे आता उघडपणे मिळतात. २०२१ पासून नकाशाच्या माहितीवरची पुष्कळशी बंधनंही उठली आहेत. आपापल्या भागाचा तुकडा घ्या. मेळघाटातला असो की खारपाणपट्ट्यातला. घरातल्या, गावातल्या म्हाताऱ्या माणसापाशी तो घेऊन बसा आणि विचारा, ‘आजोबा, ह्या नाल्याले काय म्हणत होते?’ जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच उच्चारात लिहा. कोरकू असेल तर कोरकू शब्द, तुमच्या सोयीचा मराठी नव्हे. जागा कुठली त्याचा अक्षांश-रेखांश शेजारी टाका, आता तो खिशातल्या फोनवर मिळतो. टाकरखेड्याचं उदाहरण आपण पाहिलंच : नाव आणि आकडा दोन्ही लिहिलेले असले, की दोनशे वर्षांनीही कुणीतरी ती जागा शोधून काढतं.

असे कागद कुणापाशी तयार झाले तर आम्हाला ते पाहायला आवडेल. आणि हिंगणघाटला गेलात तर लॅम्बटनच्या कबरीपाशी पाच मिनिटं उभे राहा. त्याच्याबरोबर आलेल्या खलाशांच्या कबरी कुठे आहेत, हेही तिथल्या लोकांना विचारा.

 आता प्रश्न घेऊ.